मूळचाच भित्रा स्वभाव

मानसोपचारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असतानाची गोष्ट. बाह्यरुग्ण विभागात एक वयस्क बाई आल्या होत्या. झोप नाही, दारावर थाप पडली की सर्वांगाला कंप सुटे. दंगलीत त्यांचे घर जळाले होते. पण त्याला अनेक वर्षे लोटली होती. ‘मूळचाच भित्रा स्वभाव’ अशी नोंद करून मी पुढच्या रुग्णाकडे वळलो. त्या तीन शब्दांमागे केवढा इतिहास आहे, हे मला पुढे वाचनातून कळले.

नाझी छळाच्या बळींना भरपाई देणारा कायदा पश्चिम जर्मनीने १९५६ मध्ये केला. आरोग्यहानीबद्दल नियमित वेतन हवे असेल, तर छळामुळे कमाईची क्षमता किमान २५ टक्क्यांनी घटल्याचे वैद्यकीय तपासणीत सिद्ध व्हावे लागे. छळछावण्यांतून वाचलेली माणसे अशा रीतीने पुन्हा डॉक्टरांसमोर उभी राहिली. निरोगी मन कोणत्याही आघातातून कालांतराने सावरतेच, अशी तेथील अनेक मानसोपचारतज्ज्ञांची धारणा होती. जे सावरले नाहीत, त्यांच्या आनुवंशिक घडणीला किंवा भरपाईच्या लोभाला दोष दिला जाई. पुष्कळ अर्ज याच कारणाने फेटाळले गेले.

या धारणेला तडा दिला तो वाचलेल्यांच्याच साक्षींनी. स्वतः जर्मनी सोडावी लागलेले विल्यम नीडरलँड न्यूयॉर्कमध्ये अशा अर्जदारांना तपासत. दुःस्वप्ने, सततची धास्ती, खिन्नता आणि ‘सगळे गेले, मीच का उरलो’ ही अपराधी भावना त्यांना पुनःपुन्हा आढळली. या लक्षणसमूहाला त्यांनी ‘सर्व्हायव्हर सिंड्रोम’ म्हटले. आउशविट्झमधून वाचलेले लिओ आयटिंगर यांनी नॉर्वे व इस्राएलमधील बंदिवानांचा अभ्यास करून या यातनांचे दीर्घकालीन परिणाम दाखवून दिले. कुर्ट आइस्लर यांनी तर १९६३ मध्ये लेखाच्या शीर्षकातच बोचरा प्रश्न केला : आपली किती मुले मारली गेल्यावरही माणूस लक्षणांविना राहिला, म्हणजे त्याची प्रकृती सामान्य ठरेल?

हे ज्ञान आणि व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा लढा यांतून १९८० मध्ये ‘आघातोत्तर तणाव विकार’ अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आला. रोगाचे कारण रुग्णाच्या घडणीबाहेर, त्याच्यावर गुदरलेल्या प्रसंगात असू शकते, हे शास्त्राने अधिकृतपणे मान्य केले. छळ सोसलेल्यांसाठी १९८२ मध्ये कोपनहेगनला स्वतंत्र उपचार केंद्रही उभे राहिले.

विद्यार्थी मित्रांनो, निदान म्हणजे केवळ नाव देणे नव्हे; कारण कोठे शोधायचे, हेही आपण त्यात ठरवीत असतो. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. ‘त्या दिवशी काय घडले?’ एवढा एक प्रश्न मी त्यांना विचारायचा राहिलो. आता प्रत्येक नव्या रुग्णाच्या बाबतीत स्वभावाचा रकाना मी सर्वांत शेवटी भरतो.