लोणारच्या काठावरचा चेंडू

दहावीला असताना वसतिगृहातील आम्हा मुलांची सहल लोणारला गेली होती. त्या दिवशीची भाकर आणि ठेचा आम्हांला अजून आठवतो. शिकवलेले मात्र फार उशिरा उमगले.

विज्ञानाच्या सरांनी सरोवराच्या काठावर रबरी चेंडू हातात धरून विचारले, "सोडला तर कोठे जाईल?" सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या खळग्याकडे पाहत आम्ही एकमुखाने "खाली" म्हणालो. तेवढ्यात मागून एका सोबत्याने विचारले, "सर, पण तो एवढ्या वर ठेवला कोणी?" आम्ही हसलो. सर हसले नाहीत. "मला ठाऊक नाही. वहीत लिहून ठेव," एवढेच म्हणाले.

पुढे आमच्यापैकी काहीजण पदार्थविज्ञान शिकलो आणि तोच चेंडू पुन्हा भेटला. अवकाशातील प्रत्येक बिंदूशी केवळ एक संख्या जोडलेली असेल, दिशा नसेल, तर त्यास अदिश क्षेत्र म्हणतात. वैशाखातील आपल्या शिवाराचे तापमान तसेच. वाऱ्याला मात्र दिशा लागते. विश्वाच्या आरंभी असे एक क्षेत्र आपल्या विभवाच्या उतारावरून सावकाश घरंगळले आणि तेवढ्यात विश्व अतिवेगाने फुगले, ही कल्पना १९८० नंतर रुजली. गंमत अशी की, हे प्रसरणच घरंगळण्याला चिखलासारखे अडवते. तळाशी क्षेत्र हेलकावे घेते व त्याच्या ऊर्जेतून कण जन्मतात. तंतू-सिद्धान्तात तर असे खळगे अगणित. प्रयोगात सापडलेला मूलभूत अदिश कण मात्र एकच, २०१२ सालचा हिग्ज.

कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्यासह १९६०च्या दशकात ऋण ऊर्जेचे 'सी-क्षेत्र' मांडले. त्यातून द्रव्य निर्माण होत राही आणि विश्वाला आरंभ लागत नसे. १९६५ साली सूक्ष्मलहरींचे पार्श्वभूमी-प्रारण सापडल्यावर बहुतेकांनी ती वाट सोडली. नारळीकर महास्फोटाला प्रश्न विचारीतच राहिले. आम्हांला महास्फोटाची बाजू पटते. तरी चेंडू वर कसा आला यावर आजही एकमत नाही, आणि नारळीकरांचा हट्ट आम्हांला आमच्या सोबत्याच्या कुळातला वाटतो.

तो सोबती दहावीनंतर शिकू शकला नाही. घरचे ऊसतोडीला निघाले, कोयता त्याच्याही हाती आला. हसलेले आम्ही शिकलो, विचारणारा राहिला. हे लिहावयास आम्हांला इतकी वर्षे लागली.

हा मजकूर आम्ही त्याला फोनवर वाचून दाखविला. थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "चेंडू लाल होता, ते लिहा की. अन् माझी पोरगी औंदा आपल्याच शाळेत आठवीला आहे."