चौदा दिवसांचा पंधरवडा

साताऱ्याचे कंदी पेढे मेलबर्नच्या टुलामरीन विमानतळावर कचऱ्यात गेले.

विमानात भरायला मिळालेल्या कार्डावर खाण्याच्या पदार्थांबद्दलच्या प्रश्नापुढे तिनं इमानदारीत ‘हो’ची खूण केली होती, त्यामुळे दंड वगैरे काही झाला नाही. हातमोजे घातलेल्या अधिकारीबाईंनी कांदा-लसूण मसाल्याची पिशवी उलटसुलट करून पाहिली, परत दिली. पेढ्यांचा पुडा मात्र बाजूला ठेवला. दुधाचा पदार्थ. भारतात गुरांना लाळ्या-खुरकूत होतो, ऑस्ट्रेलियात तो नाही, आणि येऊ नये म्हणून हा देश पेढे, बर्फी, रसगुल्ले यांनाही दारातच अडवतो. लाळ्या-खुरकूत म्हणजे काय हे तिला आजोळच्या गोठ्यामुळे चांगलं ठाऊक होतं. पण विट्याच्या मावशीनं मुद्दाम साताऱ्याहून आणून दिलेल्या पेढ्यांना तो आडवा येईल, असं कुणाला वाटलं असतं? बाई म्हणाल्या, “सॉरी, डार्लिंग.” त्या ‘डार्लिंग’मुळे तिला रडू यायचं ते हसू आलं.

तारीख १३ जुलै २०२४, वार शनिवार. ती मुलगी म्हणजे मीच. पण त्या जुलैतली ती आणि आजची मी यांच्यात इतकं अंतर पडलंय, की तिच्याबद्दल ‘ती’ म्हणूनच लिहिणं मला सोयीचं वाटतं. शिवाय ‘मी’ म्हटलं की माणूस स्वतःला थोडं शहाणं करून सांगतो. ती शहाणी नव्हती.

ती कराडची. सिव्हिल इंजिनिअर. वडील एसटीत वाहतूक नियंत्रक, आई घरी. प्लॉट बँकेकडे गहाण ठेवून शिक्षणकर्ज काढलेलं. १ जुलैला विद्यार्थी व्हिसाची फी ७१० डॉलरवरून एकदम १६०० डॉलर झाली; तिचा अर्ज त्याआधी गेला होता, एवढं एक नशीब. बॅगेत कपड्यांच्या मधोमध गुंडाळी करून कालनिर्णय ठेवलं होतं. “मोबाईलमध्ये सगळं असतं,” असं ती म्हणाली होती. “असू दे. भिंतीवर लाव,” असं आई म्हणाली होती. भिंतीवर लावलेल्या त्या कालनिर्णयानं पुढे तिला एकदा जवळजवळ अडचणीत आणलं आणि मग सोडवलंही. ते ओघानं येईलच.

कराडच्या घरात सगळं महिन्यावर चालायचं. पगार महिन्याचा, दूधवाल्याचा आणि पेपरवाल्याचा हिशेब महिन्याचा, वाण्याची यादी महिन्याची. आठवड्याच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी: बाजार आणि पप्पांची सुट्टी. एसटीत त्या सुट्टीला ‘वीकली ऑफ’ म्हणतात. मेलबर्नला येताना तिच्या वहीत जो खर्चाचा अंदाज होता, तोही साहजिकच महिन्यांत मांडलेला होता.

खोली मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात, विद्यापीठापासून बसनं थोड्या अंतरावर. भाडं आठवड्याला २३० डॉलर. तिनं चारानं गुणलं आणि ९२० लिहून ठेवलं. सिव्हिल इंजिनिअरनं करू नये अशी ही चूक आहे. महिना चार आठवड्यांचा नसतो. वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे चार-चार आठवड्यांचे महिने धरले तर ते भरतात तेरा. तेराव्या ‘महिन्याचे’ ९२० डॉलर तिच्या अंदाजातच नव्हते. डॉलर तेव्हा साधारण ५५ रुपयांना होता. म्हणजे पन्नास हजारांचा खड्डा. आपल्याकडे धोंड्याचा महिना तीनेक वर्षांतून एकदा येतो आणि जावयाला वाण देऊन निभावून नेता येतो. इथे तो दरवर्षी येत होता, आणि जावई म्हणजे घरमालक.

हे गणित तिला समजावून सांगितलं घरात राहणाऱ्या हैदराबादच्या मुलीनं, स्वयंपाकघरातल्या हीटरजवळ बसून. हीटर तेवढा एकच होता. जुलै म्हणजे इथला भर हिवाळा. पहाटे पारा सहा-सात अंशांवर, आणि संध्याकाळी सव्वापाचलाच सूर्यास्त. गार हवा बाहेर असते आणि घरात ऊब असते, ही तिची समजूत पहिल्या रात्रीच गेली. लाकडी भिंतींची ती घरं आतूनही तितकीच गार. दोन स्वेटर, कानटोपी आणि आजीची गोधडी असा सरंजाम करून ती झोपली.

पप्पांनी सांगलीहून शंभर डॉलरच्या नोटा बदलून आणल्या होत्या. इथे दुकानात कुणी त्या नोटांकडे बघायलाही तयार नसे. पाव घ्यायचा तर कार्ड टेकवा आणि चला. त्या हिरव्या नोटेवर मिशीवाले एक गृहस्थ आहेत. तीन दिवसांनी विद्यापीठात गेल्यावर कळलं की ते सर जॉन मोनॅश, आणि तिचं मोनॅश विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. मोनॅश पहिल्या महायुद्धातले सेनापती म्हणून प्रसिद्ध आहेत, पण त्याआधी ते मेलबर्नमध्ये सळईकाँक्रीटचे पूल बांधणारे सिव्हिल इंजिनिअर होते. तिनं ती नोट मोडली नाही. त्यात देशाभिमानाचा प्रश्न नव्हता. आपल्या धंद्यातला माणूस नोटेवर, याचं अप्रूप होतं.

पप्पांना मात्र वेगळंच कुतूहल. पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, “बसला कंडक्टर नाही म्हणतेस, मग तिकीट कोण फाडतं?” तिनं मायकी कार्ड दाखवलं. चढताना यंत्राला टेकवायचं. दोन तासांचे तेव्हा ५.३० डॉलर, दिवसभर कितीही फिरलं तरी १०.६० डॉलर. “आणि न टेकवता बसला तर?” “तपासनीस येतात कधीतरी, पप्पा.” हे ऐकून त्यांना बरं वाटलं. तपासणी पथक आहे म्हणजे व्यवस्था ठीक आहे, असा एसटीचा हिशेब. परदेशी विद्यार्थ्यांना इथे सवलतीचं साधं तिकीट मिळत नाही, हे तिनं त्यांना सांगितलं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर पासधारक पोरापोरींना गाडीत बसवून दिलं, त्याला ते पटलं नसतं.

आल्यापासून पाचव्या दिवशी, १७ जुलैला, आषाढी एकादशी होती. कालनिर्णयाच्या चौकोनात छापलेलीच होती, पण आईचा फोनही आला. क्लेटन रोडवर भारतीय, श्रीलंकन, चिनी दुकानांची रांग आहे. तिथे साबुदाणा मिळाला, शेंगदाणे मिळाले, हिरवी मिरची मिळाली. रात्री भिजत घातलेला साबुदाणा त्या थंडीत सकाळीही कडक होता. खिचडी खाताना दातांखाली खडे आल्यासारखं वाटत होतं. हैदराबादच्या मुलीनं एक घास खाऊन विचारलं, “हे शिक्षा म्हणून खातात का?”

पुढची एकादशी ३१ जुलैला. बरोबर चौदा दिवसांनी. त्याच्या पुढची १६ ऑगस्टला, सोळा दिवसांनी. आईचा पंधरवडा चंद्राच्या चालीनं लांब-आखूड होतो. ऑस्ट्रेलियाचा, म्हणजे ‘फोर्टनाइट’, होत नाही. ‘फोर्टनाइट’ हा शब्द तोवर तिला एका मोबाईल गेमचं नाव म्हणून माहीत होता. इथे पगार फोर्टनाइटचा, पिवळ्या झाकणाचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायचा तोही फोर्टनाइटनं. या आठवड्यात ठेवायचा की पुढच्या, हे त्या घरातल्या चौघींपैकी कुणालाच कधी आठवलं नाही. आदल्या रात्री पडदा सारून शेजारच्या आजोबांचा डबा बघायचा. लाल झाकणाच्या शेजारी पिवळं दिसलं की आपलंही बाहेर. एका रात्री आजोबांनीच चुकीचा डबा काढला आणि सकाळी अर्ध्या गल्लीचे पिवळे डबे भरलेलेच राहिले, तेव्हा कळलं की सगळी गल्लीच आजोबांवर विसंबून होती.

२२ जुलैला वर्ग सुरू झाले आणि तारखा आणखीनच मागे पडल्या. इथे कुणी ‘पाच ऑगस्टला’ म्हणत नाही. ‘वीक थ्री’ म्हणतात. निबंध वीक फोरला द्यायचा, चाचणी वीक सिक्सला. बारा आठवड्यांत सत्र संपतं. पहिल्या व्याख्यानाआधी प्राध्यापकांनी ही जमीन मुळात ज्यांची, त्या कुलिन समूहातल्या मूळनिवासींचं स्मरण केलं आणि मग ते पहिल्या स्लाइडकडे वळले. तिनं त्यांना ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणून लिहिलेल्या मेलला खाली नुसतं पहिलं नाव असलेलं दोन ओळींचं उत्तर आलं. त्यांना नावानं हाक मारायला तिला सहा आठवडे लागले. तोवर ती ‘एक्सक्यूज मी’वर भागवत होती. मराठीत ‘अहो’ असतं. इंग्रजीत ‘अहो’ नाही, याचा इतका त्रास होईल असं तिला वाटलं नव्हतं.

एका विषयाला आठवड्याला बारा तास अभ्यास अपेक्षित, तोही व्याख्यानं धरून. चार विषय म्हणजे ४८ तास. आणि व्हिसावर कामाची मर्यादा काय? सत्र चालू असताना फोर्टनाइटला ४८ तास. तोच आकडा, एकदा आठवड्याला आणि एकदा पंधरवड्याला. मॅथेसन लायब्ररीत बसून तिनं हे वहीत शेजारी शेजारी लिहिलं आणि बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिली.

पहिलं काम मिळालं एका भारतीय उपाहारगृहात, भांडी घासण्याचं. मालक आपुलकीनं बोलायचे, जेवायला घालायचे आणि तासाला १४ डॉलर रोख द्यायचे. देशातलं किमान वेतन त्या जुलैपासून तासाला २४.१० डॉलर होतं. तात्पुरत्या कामगाराला त्यावर २५ टक्के जादा. म्हणजे तिला कायदेशीर दराच्या निम्मेही मिळत नव्हते. मालकांचं म्हणणं साधं होतं: रोख पैशाची नोंद नाही, म्हणून तासांचीही नाही, ४८ची चिंता कशाला? ऐकायला सोयीचं होतं. पण नोंद नसलेल्या तासांची दोरी कायम दुसऱ्याच्या हातात राहते. आज तो गप्प आहे, उद्या पैसे मागायला गेलात की तोच व्हिसाची आठवण करून देतो. व्हिसाचा धाक दाखवून असं राबवणं त्याच १ जुलैपासून ऑस्ट्रेलियात गुन्हा ठरलंय, आणि वेतनाच्या तक्रारीसाठी फेअर वर्क ऑम्बुड्समन नावाचं सरकारी कार्यालय आहे. तिला हे दोन्ही नंतर कळलं. तीन संध्याकाळी काम करून तिनं जाणं बंद केलं. कळल्यावरही तक्रार केली नाही. याबद्दल मी तिला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका बेकरीत काम मिळालं. पहाटे पाचला हजेरी, पण पगारपत्रक, कर क्रमांक, निवृत्तिनिधीचे साडेअकरा टक्के वेगळे, सगळं कागदावर. आता तास मोजणं आलं. तिनं कालनिर्णय काढलं आणि रोजच्या चौकोनात, तिथी-नक्षत्राच्या बाजूला, पेन्सिलीनं तास लिहायला सुरुवात केली. कामिका एकादशी मागे पडली, नारळी पौर्णिमेच्या चौकोनात ६ आलं.

११ ते १७ ऑगस्टच्या आठवड्याची बेरीज २२. १८ ते २४ची २६. दोन्ही मिळून ४८. काठोकाठ, पण आत. शनिवारी रात्री तिनं बेरीज केली आणि समाधानानं पेन्सिल ठेवली. दुसऱ्या दिवशी रविवार, आठ तासांची पाळी. रविवारचा दर जास्त.

चहा करताना हैदराबादच्या मुलीनं भिंतीकडे बघून विचारलं, “तुमचं कॅलेंडर रविवारी सुरू होतं?”

कालनिर्णयाचा आठवडा रविवारी सुरू होतो. व्हिसाचा सोमवारी. नियमात फोर्टनाइट म्हणजे कोणत्याही सोमवारपासूनचे चौदा दिवस. नुसता पहिला-दुसरा आठवडा नव्हे, तर दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा, अशी प्रत्येक जोडी मोजली जाते. तिनं पुन्हा बेरीज मांडली. ११ तारखेच्या रविवारचे पाच तास वजा, उद्याच्या रविवारचे आठ मिळवले. ५१. पहाटे बेकरीत जाऊन तिनं मॅनेजरबाईंना सांगितलं की आज पाचच तास थांबता येईल. कारण सांगताना आवाज कापत होता. बाईंनी रोस्टरवर रेघ मारली, “नो वरीज,” म्हणाल्या आणि पावाचा ट्रे तिच्या हातात दिला. सोमवारी तिनं कालनिर्णयावरच्या प्रत्येक रविवारी पेन्सिलीचा बाण काढून तो आधीच्या आठवड्याला जोडला.

गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी आली. वीक सेव्हन संपत आला होता, झाडांना पालवी फुटत होती. शनिवार म्हणजे बेकरीतली सर्वांत मोठी पाळी. तिनं ती एका नेपाळी मुलाला दिली आणि बदल्यात त्याची दसऱ्याची पाळी घेतली. भाड्यानं घेतलेल्या एका शाळेच्या सभागृहात मराठी मंडळींचा गणपती बसला होता. पुणे, नागपूर, चिपळूण, बेळगाव अशा वेगवेगळ्या मराठ्या कानावर पडत होत्या. सभागृह पाचपर्यंतच मिळालेलं असल्यामुळे आरत्या भरभर चालल्या होत्या.

साडेतीनला तिनं घरी फोन लावला. कराडला अकरा वाजलेले, पूजा नुकतीच आटोपलेली. आईनं मखर दाखवलं, मोदकांची परात दाखवली. मागून पप्पांनी मान पुढे काढली.

“आज ड्युटी नाही का गं?”

“नाही पप्पा,” ती म्हणाली. “वीकली ऑफ.”