सतरा मिनिटे आणि पंधरा वर्षे

फुटबॉलच्या मैदानावर अकरा जणांत असूनही एकटा असतो तो गोलरक्षक. बाकीचे दहा जण धावतात, धडपडतात, चुकतात आणि त्यांच्या चुका खेळाच्या धुमाळीत विरून जातात. गोलरक्षकाची चूक मात्र फलकावर लिहिली जाते. त्यातून तो परदेशी असला, आणि ज्या देशाशी कालपरवापर्यंत युद्ध चालले होते त्याच देशाचा असला, तर?

बर्ट ट्राउटमानची हकिकत वाचल्यापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही.

ट्राउटमानचा जन्म १९२३ साली जर्मनीतील ब्रेमेन शहरी झाला. हिटलरच्या राजवटीत तो वाढला, स्वखुशीने सैन्यात गेला, छत्रीधारी सैनिक म्हणून रशियन आघाडीवर लढला, शौर्यपदक मिळवले आणि युद्धाच्या अखेरीस इंग्रजांच्या हाती सापडला. लँकेशायरमधील युद्धकैद्यांच्या छावणीत तो फुटबॉल खेळू लागला आणि तेथेच गोलरक्षक झाला. १९४८ साली मायदेशी परतण्याची संधी आली, ती त्याने नाकारली. तेथेच पडेल ते काम करीत तो सेंट हेलेन्स टाउन या छोट्या क्लबाकडून खेळू लागला.

१९४९ च्या ऑक्टोबरात मँचेस्टर सिटीने त्याला करारबद्ध केले आणि शहर खवळले. सुमारे २०,००० लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. त्यांना नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. मँचेस्टरवर जर्मन बाँब पडून जेमतेम नऊ वर्षे झाली होती. कुणाचा भाऊ गेला होता, कुणाचा मुलगा गेला होता.

अशा वेळी शहरातील ज्यू धर्मगुरू अलेक्झांडर आल्टमान यांनी वृत्तपत्राला एक पत्र लिहिले. नाझींच्या छळामुळे त्यांना १९३८ साली जर्मनी सोडावी लागली होती. त्यांचे वडील १९४४ मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत मारले गेले होते. संतापण्याचा अधिकार त्यांच्याहून अधिक कुणाला असणार? पण त्यांनी लिहिले त्याचा आशय असा, की एका राष्ट्राच्या पापाची शिक्षा एका माणसाला देऊ नये. हा खेळाडू भला माणूस असेल, तर त्याने खेळायला हरकत नाही.

त्या पत्रातील ‘असेल तर’ हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. ती आंधळी क्षमा नव्हती. भला असेल तर! आणि ते सिद्ध कसे व्हायचे? भाषणाने नव्हे, माफीपत्राने नव्हे. दर शनिवारी गोलखांबांमध्ये उभे राहून, पाठीमागून शिव्या ऐकत, पुढून येणारा चेंडू अडवून! १९५० च्या जानेवारीत तो लंडनला फुलहॅमविरुद्ध खेळला. सामनाभर त्याची हुर्यो उडवली गेली. सिटीचा संघ हरला. पण त्याचा खेळ असा झाला, की शेवटी प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि दोन्ही संघांनी दुतर्फा रांगा लावून त्याला वाट करून दिली.

ट्राउटमानचे नाव निघाले, की लोक १९५६ च्या एफ. ए. कपचा अंतिम सामना सांगतात. बर्मिंगहॅम सिटीविरुद्धचा तो सामना संपायला १७ मिनिटे उरली असताना आघाडीच्या खेळाडूशी त्याची जबर टक्कर झाली. बदली खेळाडू घेण्याची सोय तेव्हा नव्हती. मान धरून तो शेवटपर्यंत खेळला आणि सिटीने ३-१ असा विजय मिळवला. काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत मान मोडल्याचे निष्पन्न झाले! त्यानंतर काही आठवड्यांतच त्याचा पाच वर्षांचा मुलगा मोटार अपघातात दगावला.

त्या १७ मिनिटांचे शौर्य मी नाकारीत नाही. पण मला मोठी वाटतात ती १५ वर्षे. मोडलेली मान आणि पुत्रशोक घेऊन तो पुन्हा त्याच खांबांमध्ये येऊन उभा राहिला आणि १९६४ पर्यंत सिटीसाठी ५४५ सामने खेळला. त्याची किंमतही त्याने मोजली. परदेशी खेळणाऱ्याला जर्मन संघात जागा नव्हती. स्वदेशासाठी तो एकदाही खेळू शकला नाही.

मग चेंडू अडवले म्हणून भूतकाळ पुसला जातो का? नाही. पूर्व आघाडीवर निःशस्त्र नागरिकांची कत्तल आपण डोळ्यांनी पाहिली, हे त्यानेच पुढे सांगितले. आपले खरे शिक्षण इंग्लंडमध्ये सुरू झाले, असेही तो म्हणे. पुसले काहीच गेले नाही. माणूस मात्र बदलला, आणि तो बदलतो आहे हे पाहण्याइतका धीर एका शहराने धरला.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या मागे कसले युद्ध नाही, कसले पाप नाही. तरी गाव आणि आडनाव ऐकताच समोरच्याचा चेहरा कसा मिटतो, हे मला ठाऊक आहे. आपण एकमेकांना ‘असेल तर’ एवढीदेखील संधी देत नाही. पहिल्या भेटीतच निकाल लावून मोकळे होतो.

१९६४ साली ट्राउटमानच्या निरोपाच्या सामन्याला ४७,००० हून अधिक प्रेक्षक लोटले. १९४९ मध्ये निषेधाला आलेल्यांपैकी कित्येक जण त्यांतही असतील. २०१३ साली तो वारला तेव्हा मँचेस्टरने आपला माणूस गेला म्हणून शोक केला. त्या दोन गर्दींच्या मधली १५ वर्षे, हीच त्याची खरी कारकीर्द!