मेहेराबादची टेकडी व एक नृत्याचार्या

अहमदनगर म्हटले की प्रवाशाच्या दृष्टीपुढे प्रथम भुईकोट किल्ला उभा राहतो, आणि ते यथायोग्यच आहे. चांदबिबीचे शौर्य त्या तटाने पाहिले. 1942 ते 1945 पर्यंत पंडित नेहरूंचा बंदिवासही तेथेच झाला. 2024 साली जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले, तरी जुन्या मंडळींच्या तोंडी ते अद्याप ‘नगर’च आहे. किल्ला पाहून बहुतेक यात्रेकरू शिर्डीचा मार्ग धरतात. आम्ही मात्र दौंडच्या रस्त्याने दक्षिणेस वळलो.

शहरापासून सुमारे नऊ किलोमीटरांवर अरणगाव लागते. त्यालगतचे स्थान ते मेहेराबाद. आगगाडीचा रूळ त्याचे दोन भाग करितो: एका अंगास सखल माळ, दुसऱ्या अंगास लहानशी टेकडी. पुण्यात 1894 साली जन्मलेले मेरवान शेरियार इराणी, म्हणजेच मेहेरबाबा, 1923 साली येथे आले. 10 जुलै 1925 रोजी त्यांनी धारण केलेले मौन 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत सुटले नाही. टेकडीवर त्यांची समाधी असून माथ्यावर निरनिराळ्या धर्मांची चिन्हे आहेत; आतील भित्तिचित्रे हेलेन डाम या स्विस चित्रकर्त्रीने 1938 साली काढली. सेवेतच स्वामित्व आहे, अशा अर्थाचे ब्रीद समाधीवर कोरलेले आहे. दर वर्षी 31 जानेवारीस, दुपारी बारा वाजता, जमलेला सारा समुदाय पाव घटका नव्हे, पुरी पंधरा मिनिटे निःशब्द होतो.

या उघड्या माळावर युरोपातील एक नामांकित नृत्यशिक्षिका येऊन राहिली होती, हे फारच थोड्यांस ठाऊक असेल. तिचे नाव मार्गारेट क्रास्क.

क्रास्कबाईंचा जन्म 1892 सालचा, इंग्लंडातला. परंतु त्यांची विद्या रशियाच्या राजदरबारी रंगभूमीवरून आलेली. त्यांचे गुरू एन्रिको चेकेत्ती हे जन्माने इटालियन. सेंट पीटर्सबर्ग येथे ते नाचले व पुढे तेथेच शिकवू लागले. आन्ना पाव्हलोव्हा व निजिन्स्की हे जगद्विख्यात कलावंत त्यांचे शिष्य होत. चेकेत्तींच्या शिक्षणपद्धतीत आठवड्याच्या सहा दिवसांस सहा पाठ नेमून दिलेले असत. सोमवारचा पाठ सोमवारीच व्हावयाचा. आमच्याकडील वेदपाठशाळेतील संथेची आठवण वाचकांस झाल्यावाचून राहणार नाही.

क्रास्कबाई काही काळ द्यागिलेव्ह यांच्या रशियन नृत्यमंडळीत होत्या. पुढे दुखापतीमुळे रंगभूमी सुटली व त्या अध्यापनाकडे वळल्या. 1923 साली चेकेत्ती इटलीस परतले, तेव्हा त्यांची परंपरा लंडनमध्ये चालविण्याचा भार बाईंनी उचलला. गुरूची पद्धती लिहून ठेवणारा ग्रंथही त्यांनी सिरिल ब्यूमाँट यांच्या सहकार्याने 1930 साली प्रसिद्ध केला. पाय थांबले, पण विद्या थांबली नाही.

1931 साली इंग्लंडात त्यांना मेहेरबाबांचे दर्शन झाले. 1939 साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षाकडे झुकलेल्या असता, नावारूपास आलेले काम मागे ठेवून त्या हिंदुस्थानात आल्या आणि सुमारे सात वर्षे राहिल्या. त्या काळात बाबांसह पुष्कळ प्रवासही घडला. ज्या वर्षांत किल्ल्यातील राजबंदी सरकारी हुकमाने नगरास अडकले होते, त्याच सुमारास ही विदुषी स्वेच्छेने या आश्रमजीवनात रमली होती. पियानोच्या साथीवर शिष्यवर्गाची पावले मोजण्यात जिचा दिवस जाई, तिच्या वाट्यास आता नगरी उन्हाळा आणि माळावरचा वारा आला होता.

सात वर्षे कला बाजूस ठेविली म्हणजे ती गंजते, असे आपण सहज म्हणतो. येथे तसे झाले नाही. 1946 साली बाई अमेरिकेस गेल्या, त्या बॅले थिएटर या प्रसिद्ध मंडळीच्या नृत्यशिक्षिका म्हणून! पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या नृत्यशाळेत, लंडनमधील आपला पूर्वीचा शिष्य अँटनी ट्यूडर याच्या जोडीने, त्यांनी अनेक वर्षे शिकविले. पॉल टेलर व कॅरोलिन ब्राउन यांसारखे नव्या नृत्याचे अध्वर्यू त्यांच्या हाताखालून गेले. ऐंशी वर्षे ओलांडल्यावरही त्यांचे अध्यापन चालूच होते. 1980 साली त्यांनी बाबांच्या सहवासाच्या आठवणी लिहिल्या, आणि 1990 साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

मेहेरबाबांविषयी वाचकांची श्रद्धा काय असावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. आपल्या घरांतून मुलगी लग्नापर्यंत गाणे शिकते. पुढे संसार वाढतो, पेटीवर गवसणी चढते, आणि दहा वर्षांनी ‘आता कुठले जमायचे!’ म्हणून ती पेटी भाचीला देऊन टाकली जाते. हात आखडतात हे खरे. परंतु जे रोजच्या नेमाने अंगी मुरलेले असते, ते खंडाने नाहीसे होत नाही. क्रास्कबाईंची चौपन्नाव्या वर्षी नव्याने मांडलेली शाळा ही त्याची साक्ष होय. मात्र आरंभीचा तो नेम पक्का हवा, आणि घरच्यांनी पेटी देऊन टाकण्याची घाई करू नये.

नगरास जाणाऱ्यांनी किल्ला अवश्य पाहावा. पण दोन तास राखून अरणगावची ही टेकडीही चढावी. वर फारसे पाहण्यासारखे नाही. बसण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.