दहा गॅलन समुद्राचे दिवे

न्यू जर्सीत घड्याळं एक तास पुढेमागे करायचा रविवार वर्षातून दोनदा येतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतरही बरीच वर्षं आमच्या घरी त्या दिवशी आणखी एक काम ठरलेलं असे : प्रवाळाच्या टँकवरचे दिवे बदलायचे. दिवे व्यवस्थित पेटत असायचे, तरी काढायचे. पॉवर कॉम्पॅक्ट नावाच्या फ्लुरोसंट नळीतलं फॉस्फर सहा ते नऊ महिन्यांत थकतं, उजेड उतरतो, रंग ढळतो. हे इतकं हळू घडतं की रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. प्रवाळाच्या मात्र येतं. झोआ नावाचे छोटे जीव देठ लांबवून वर मान काढू लागतात, मश्रूम प्रवाळ पसरट होतात आणि काचेवर शेवाळ वाढायला लागतं.

मासे दिव्याविना चार दिवस काढतील. प्रवाळाची चूलच उजेडावर पेटते. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशातून अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणून दिवा निवडायचा म्हणजे त्या जिवाच्या रोजच्या जेवणाची सोय करायची. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये अमेरिकन मासिकात आपल्या टँकची पद्धत लिहिली तेव्हा त्यांना दिव्याची विवंचना फारशी नव्हती. जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि विषुववृत्ताजवळचं ऊन एवढ्यावर त्यांचे प्रवाळ जगले. आमच्याकडे डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. इथे ऊन विकतच आणावं लागे.

माझा टँक दहा गॅलनचा : वीस इंच लांब, दहा रुंद, बारा उंच. साधारण अडतीस लिटर पाणी. त्याच्या झाकणात दोन साधे स्क्रूचे होल्डर होते आणि त्यात ‘फिफ्टी-फिफ्टी’ नावाचे बल्ब बसत. अर्धा भाग दहा हजार केल्विनचा पांढरा, अर्धा अॅक्टिनिक निळा. आई दादरहून पहिल्यांदा आली तेव्हा संध्याकाळी हॉलमध्ये येऊन म्हणाली, “अरे, हा दिवा असा निळा का पडलाय? उडायला आलाय का?” मग मी तिला खुर्ची ओढून समोर बसवलं. झेनिया या मऊ प्रवाळाचे पंजे उघडमीट करताना पाहून ती तिथेच बसून राहिली. तारापोरवाला मत्स्यालयात तिनेच मला लहानपणी नेलं होतं.

त्या काळी निवड करायची ती खरोखर हातात वस्तू घेऊन. पॉवर कॉम्पॅक्टच्या नळ्यांना चार पिना असत, पण काहींच्या चौकोनात तर काहींच्या एका ओळीत. आपलं फिटिंग जपानी की अमेरिकी हे मनात ठेवूनच दुकानात शिरावं लागे. चोकही नळीला जुळणारा हवा. मग केल्विनचा, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचा प्रश्न. मेटल हॅलाइड या प्रखर दिव्यांत साडेसहा हजारचा इवासाकी कंपनीचा दिवा पिवळसर-हिरवट दिसे, पण त्याच्याखाली प्रवाळ भराभर वाढत. वीस हजारचा रेडियम कंपनीचा निळाशार, देखणा, पण उजेडाला कमी. दहा हजारचा मधला. अॅक्टिनिक शून्य-तीन नावाची फिलिप्सची जांभळट-निळी नळी ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश द्यायची. तिच्याखाली हिरवे झोआ आतून पेटल्यासारखे दिसत. आमच्या गावाजवळच्या दुकानदाराने सारख्याच टँकांवर वेगवेगळे दिवे लावून ठेवले होते. शनिवारी तिथे लोक तासन्‌तास उभे राहत, एकमेकांच्या प्रवाळांची चौकशी करत, जुने बल्ब टँकखालच्या शेवाळाच्या टाकीसाठी एकमेकांना देऊन टाकत. मला त्या दुकानाची आजही आठवण येते.

मोजमाप मात्र कच्चं होतं. ‘गॅलनला तीन ते पाच वॅट’ हा सगळ्यांचा तोंडपाठ नियम. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. प्रवाळापर्यंत किती प्रकाश पोचतो हे त्यातून कळत नाही. हा गोंधळ निस्तरण्यात पेन स्टेट विद्यापीठातल्या संजय जोशी यांचा वाटा मोठा. प्राध्यापक इंडस्ट्रियल इंजिनियरिंगचे, नाद प्रवाळांचा. त्यांनी मेटल हॅलाइडचे दिवे एकेक करून उपकरणाखाली धरले आणि आकडे सर्वांसाठी प्रसिद्ध केले. डब्यावर केल्विनचा आकडा तोच असला तरी दोन कंपन्यांचे दिवे अगदी वेगळे निघत. इतकंच काय, तोच दिवा वेगळ्या चोकवर वेगळा प्रकाश देई. परक्या देशातल्या या छंदाच्या मुळाशी जोशी आडनाव पाहून मला किती आनंद झाला होता, ते सांगायलाच हवं.

पुढे मीही एक छोटा हॅलाइड घेतला. त्या एका दिव्याने जे दाखवलं ते नंतर कशानेच दाखवलं नाही. बिंदूसारख्या उगमातून येणारा प्रकाश पाण्याच्या लाटांतून वाकून वाळूवर हलत राही. मालवणच्या उथळ पाण्यात तळाशी दिसते तशीच ती सोनेरी जाळी. पण किंमत होती. खोली तापे, पंखे लावावे लागत, पाणी उडून जाई आणि मीठ मागे राही, म्हणून रोज गोडं पाणी घालायचं. दोन टोकांच्या बल्बला उघड्या बोटांचा स्पर्श चालत नसे, आणि त्यातले अतिनील किरण अडवायला पुढे काच लागे. वीज क्षणभर गेली तरी तापलेला दिवा थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नसे. नवा बल्ब लावला की प्रवाळ भाजू नयेत म्हणून खिडकीच्या डासजाळीचे थर टँकवर घालायचे आणि आठवड्याला एकेक थर काढायचा.

आज ती डासजाळी फोनमध्ये आहे. एलईडीच्या अॅपमध्ये ‘सवय लावण्याचा’ पर्याय दाबला की दिवा आपोआप हळूहळू चढतो. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांचं ते ऋण आमच्या छंदावर थेट आहे. तळहाताएवढा दिवा दहा गॅलनला पुरून उरतो, वर्षानुवर्षं चालतो, खोली तापवत नाही आणि त्यात पारा नाही. जुन्या नळ्या कचऱ्यात टाकता येत नसत; काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवसाची वाट बघावी लागे. युरोपीय संघाने सर्वसाधारण वापराच्या टी-५ आणि टी-८ नळ्या ऑगस्ट २०२३ पासून बाजारात आणण्यावर बंदी घातली, आणि ते योग्यच झालं. वॅटचा नियमही गेला. आता लोक पार मोजतात, म्हणजे शैवालांना वापरता येणारा प्रकाश. मश्रूम आणि झोआंना पन्नास ते शंभर पुरतो, अॅक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळाला दोनशेच्या वर लागतो. भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर तो दोन हजारांच्या आसपास असतो. इथले क्लब आपल्या सभासदांना मीटर उसना देतात.

एवढं सगळं असूनही मला एक तक्रार नोंदवायची आहे. आजचे टँक फार निळे झाले आहेत. निळ्या दिव्याखाली प्रवाळातली प्रथिनं नारिंगी, हिरवी, गुलाबी झळाळतात. फोटो सुंदर येतो, विक्री होते. पण मासा करडा दिसतो, खडकावरचा जांभळा थर काळा पडतो, आणि प्रवाळाचा पोत हरवतो. यात धोकाही आहे. माणसाचा डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वात तीक्ष्ण, निळ्याला मंद. म्हणून निळा दिवा आपल्याला अंधुक वाटतो, आपण तो वाढवतो, आणि खाली शैवालांवर प्रकाशाचा मारा होतो. मग प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. जुन्या दिव्यांच्या काळी आधी उजेड ठरायचा आणि त्याला झेपेल असाच जीव आम्ही आणायचो. ती शिस्त अॅपने सैल केली, याचं मला वाईट वाटतं.

भारतातल्या वाचकांनी हा छंद दुरूनच पाहावा. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; ते समुद्रातून काढणं किंवा विकणं गुन्हा आहे. मुंबईत सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळवसाहती हलवाव्या लागल्या, त्यादेखील परवानगी घेऊनच.

जे परदेशात असा छोटा टँक ठेवतात त्यांना एवढंच सांगेन : एलईडीच घ्या, जुन्या नळ्यांच्या मागे लागू नका. पण दुपारचे निदान दोन तास पांढरा उजेड लावा आणि प्रवाळ त्याच्या खऱ्या रंगात बघा. नवा दिवा पहिला महिनाभर निम्म्यावर ठेवा. कमी उजेडात कोमेजलेला प्रवाळ बहुधा सावरतो. जास्त उजेडात पांढरा पडलेला वाचवणं फार कठीण जातं.