सोलापूरचे पुस्तकवाले चाचा

भाचीच्या निकाहसाठी आम्ही दोघे सोलापूरला गेलो. रात्री कल्याणला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली, सकाळी सोलापूर. अम्मींचे माहेर इथलेच, विजापूर वेशीजवळचे. पण ब्याऐंशीव्या वर्षी प्रवास झेपत नाही, म्हणून त्या घरीच राहिल्या.

निकाह झाला. वलीमा दुसऱ्या दिवशी होता. मधल्या वेळात चादरी घेतल्या, चार हुतात्म्यांचे पुतळे पाहिले. जानेवारी १९३१ मध्ये येरवड्यात फाशी गेलेल्या त्या चौघांत कुर्बान हुसेन होते. ‘गझनफर’ हे पत्र ते चालवत. म्हणजे या शहरात आपल्या माणसाच्या हाती लेखणी आली, ती काही आजची गोष्ट नाही.

तिथून फिरत नवी पेठेत आलो. एका गल्लीत पुस्तकांचे छोटे दुकान दिसले. आत सत्तरी ओलांडलेले चाचा बसले होते. सलाम करून विचारले, “नवीन काय आलंय?”

“वाचायला पाहिजे का भेट द्यायला?” चाचांनीच उलट विचारले. वाचायला म्हटल्यावर ते उठले.

पहिली काढली कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. “धरणानं उठवलेल्या माणसांची गोष्ट आहे. भाषा गावाकडची, सावकाश वाचा. उजनीत जमीन गेलेल्या एका गिऱ्हाइकाला दिली होती. आठ दिवसांनी आला आणि तासभर आपल्या बुडालेल्या गावाचंच बोलत बसला.”

मग शरणकुमार लिंबाळे. “आपल्या अक्कलकोट तालुक्यातले. ‘सनातन’ला सरस्वती सन्मान मिळाला. मोठं काम आहे. पण इतिहास एवढा, की कधी कधी माणसं त्याच्याखाली दबतात. मला विचाराल तर १९८४ चं ‘अक्करमाशी’ आधी वाचा. आत्मकथन घेताना मी एकच बघतो. दुसऱ्याचे दोष पानभर आणि स्वतःचे एका ओळीत असतील, तर पुस्तक बाजूला ठेवतो.”

“आणि आपल्या घरातल्या बायकांचं काही?”

चाचांनी वरच्या फळीवरून मेहरुन्निसा दलवाईंचे ‘मी भरून पावले आहे’ काढले. “हे नवीन नाही, १९९५ चं. हमीद दलवाईंची सगळी मतं मला पटत नाहीत. पण बाईंनी संसार सांगितला, तो खरा वाटतो.” थोडे थांबून म्हणाले, “याच्या शेजारी ठेवायला पुस्तकं कमी पडतात बघा. १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन याच सोलापुरात भरलं. बेन्नूर सर इथलेच. वाटलं होतं, फळी भरून जाईल. कविता आल्या, विचारांची पुस्तकं आली. पण चूल, उंबरा, सासर-माहेर याची गोष्ट फार थोड्यांनी लिहिली. तुमच्या घरी म्हातारं कोण आहे?”

आम्ही अम्मींचे सांगितले. बिड्या वळून त्यांनी पाच लेकरे शिकवली.

“त्यांना विचारलंत कधी?”

आम्ही गप्प झालो. अब्बांना विचारू विचारू म्हणत राहून गेले होते. ते जाऊन सहा वर्षे झाली.

‘रिंगाण’ आणि मेहरुन्निसाबाईंचे पुस्तक घेतले. सोबत दोनशे पानी वही घेतली. वहीचे पैसे चाचांनी घेतले नाहीत.

घरी आल्यावर अम्मींना वही दाखवली. “माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं?” म्हणत हसल्या. मग विजापूर वेशीचे घर, पहाटेचा नळ, पानं भिजवायची बादली असे एकेक सांगत गेल्या. ताटातले जेवण गार झाले. मध्येच एका बहिणीचे नाव त्यांना आठवेना. दुसऱ्या दिवशी फजरनंतर आठवले, तेव्हा स्वतः हाक मारून लिहायला लावले.

वहीची अकरा पाने भरली आहेत. वाचकहो, तुमच्या घरातही कोणी असेल. आजच जवळ बसा.