न पेरलेली फुले

फलटणमध्ये आम्ही घर बांधले त्याला आता बावीस वर्षे झाली. घरापुढचे अंगण आणि कुंपणाच्या भिंतीलगतची एक चिंचोळी पट्टी, एवढीच आमची बाग. माती काळी, उन्हाळ्यात तिला बोट शिरेल एवढ्या भेगा पडतात आणि दोन चांगल्या पावसांत त्या मिटून जातात. नीरा उजव्या कालव्यामुळे तालुक्यात ऊस दिसतो, म्हणून बाहेरच्या माणसाला हा मुलूख पाण्याचा वाटतो. प्रत्यक्षात आम्ही पर्जन्यछायेतले. महाबळेश्वरी कोसळणारा पाऊस याच जिल्ह्यातला असला, तरी आमच्यापर्यंत येतात ते त्याचे उरलेसुरले ढग. अशा ठिकाणी गुलाब, मोगरा जगवायला खटपट करावी लागते आणि ती मी करतेही. पण गेली कित्येक वर्षे माझे लक्ष अधिक असते ते कोणी न लावता येणाऱ्या फुलांकडे. गुलबक्षी, तेरडा, सदाफुली आणि अलीकडे आलेला नारिंगी कॉसमॉस, ही ती मंडळी.

यांतली गुलबक्षी तेवढी सुरुवातीला एकदा पेरली होती. सासूबाईंनी माहेरच्या परसातून मूठभर बिया आणल्या होत्या, मिऱ्यासारख्या काळ्या आणि सुरकुतलेल्या. त्यांनी त्या नळाजवळ टोचल्या आणि पुढे कोणी त्यांच्याकडे पाहिले नाही. पुढच्या जूनमध्ये रोपे आली ती मूळ जागेपासून हातभर अंतरावर. गुलबक्षीचे बी जड असते. ते झाडाच्या पायाशीच पडते. म्हणून ती वर्षाला हातभरच सरकते, आणि एखाद्या वर्षी नळाचे सांडपाणी बी वाहून नेते तेव्हा एकदम कोपरा गाठते. तेरड्याची चाल निराळी. त्याचे पिकलेले बोंड बोट लागताच फुटते, कवच आतल्या आत वळते आणि बिया दूर उडतात. तीन वर्षांत त्याने अंगणाची लांबी ओलांडली. सदाफुलीचे बारीक बी पाण्याबरोबर, मातीबरोबर कुठेही जाते आणि जिथे इतर कोणी उभे राहणार नाही अशा भिंतीच्या चिरेत रुजते. कॉसमॉसच्या बियांना टोकाशी काटेरी शेपट्या असतात. तो साडीच्या काठाला चिकटून फिरतो.

मी भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी असल्यामुळे हे पाहताना मला बोलींचे नकाशे आठवणे स्वाभाविक आहे. शब्द असेच पसरतात. काही शेजारच्या घरापर्यंत जायला पिढी घेतात, काही एका बाजारदिवसात तालुका ओलांडतात. पण गुलबक्षीने मला जे दाखवले ते याहून नेमके होते. सासूबाईंच्या बियांतून पहिल्या वर्षी दोनच रंग आले होते, गडद राणी आणि पिवळा. चौथ्या-पाचव्या वर्षी पिवळ्या फुलांवर राणी रंगाचे शिंतोडे दिसू लागले. मग एक झाड असे निघाले की त्याच्या एका फांदीवर निखळ पिवळी फुले, दुसरीवर राणी आणि तिसरीवर अर्धे-अर्धे रंगलेले फूल. झाड एकच, मूळ एकच.

मेंडेलचे विस्मृतीत गेलेले संशोधन १९०० मध्ये पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक, कार्ल कोरेन्स हा जर्मन शास्त्रज्ञ, याच गुलबक्षीवर प्रयोग करीत असे. तांबड्या आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून पुढची पिढी सगळी गुलाबी आली. पण त्या गुलाबी झाडांच्या संततीत तांबडी, गुलाबी, पांढरी अशी तिन्ही झाडे एकास दोनास एक या प्रमाणात परतली. रंग हरवले नव्हते, झाकले गेले होते. १९०९ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. काही गुलबक्षींच्या पानांवर जे हिरवे-पांढरे पट्टे असतात, त्यांचा वारसा केवळ बीज धरणाऱ्या झाडाकडून येतो. पराग कुठूनही आला तरी त्याने फरक पडत नाही. ‘मातृभाषा’ हा शब्द शिकवताना मला दरवेळी हा प्रयोग सांगावासा वाटतो आणि दरवेळी मी आवरते, कारण भाषा रक्तातून येत नाही आणि दृष्टान्ताला एवढे ताणणे बरे नव्हे.

त्या एका झाडावरच्या तीन रंगांच्या फांद्या मात्र मी एकदा संपर्कसत्रात सांगितल्या. अभ्यासकेंद्रावर रविवारी येणाऱ्यांमध्ये माण तालुक्यातल्या एक बाई होत्या. वय चाळीशीच्या पुढे, घरची शेती, दोन मुली शिकणाऱ्या. प्रश्नाचे उत्तर त्यांना येत असे, पण त्या उभ्या राहत नसत. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “मॅडम, आमचं बोलणं अशुद्ध आहे. पानी, लोनी असंच निघतंय तोंडातून.” खरे तर त्यांच्या वहीत ‘पाणी’ होते आणि वर्गात वाचतानाही त्या ‘पाणी’ म्हणत, मुलीशी फोनवर बोलताना ‘पानी’ होई. प्रसंग बदलला की एकाच माणसाच्या बोलण्यातला वर्ण बदलतो, आणि त्या बदलालाही नियम असतो. हे फलटणकरांना परक्याने सांगण्याचे कारण नव्हते, पण सांगितले ते परक्या देशातून येऊन इथे स्थायिक झालेल्या विदुषीने. मॅक्सिन बर्नसन यांचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला १९७३चा प्रबंध फलटणच्या बोलण्यातील भेदांवरच आहे. पुढे त्यांनी याच गावात मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. आपल्या गावाचे बोलणे हा डॉक्टरेटचा विषय होऊ शकतो, हे ऐकून त्या बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या सत्रात मात्र त्यांनी तेरड्यावरची म्हण उभे राहून सांगितली, ‘तेरड्याचे रंग तीन दिवस’, आणि गौरीच्या सणाला त्यांच्याकडे तेरडा कसा आणतात तेही.

तेरडा या भूमीचाच. बाकीचे तिघे समुद्रापलीकडचे. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्या रसातून निघालेली औषधे रक्ताच्या कर्करोगावर वापरली जातात. गुलबक्षी अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘मिराबिलिस जलापा’ हे नाव दिले. पहिल्या शब्दाचा अर्थ अद्भुत, दुसरे मेक्सिकोतल्या एका गावाचे नाव. आपल्याकडे तिला नाव मिळाले ते फारसीतून, गुल-ए-अब्बास. त्याचे गुलबास झाले, गुलबाशी झाले, गुलबक्षी झाले. शेवटच्या रूपातला ‘क्ष’ कुठून आला असावा? बक्षी, बक्षीस हे शब्द कानांना परिचित असल्यामुळे लोकांनी अनोळखी अब्बासला ओळखीचे रूप दिले असावे, असा माझा तर्क आहे. लोकव्युत्पत्तीची उदाहरणे शोधणाऱ्यांनी परसात पाहावे. कानडीत हीच ‘संजेमल्लिगे’, बंगालीत ‘संध्यामालती’. तिथे तिच्या उमलण्याच्या वेळेवरून नाव पडले. मराठीने माणसाचे नाव घेतले आणि माणूस विसरून गेली.

म्हणून मूळचे आणि बाहेरचे हा भेद मी अंगणात फारसा मानत नाही. बटाटा, साबण, चावी हे पोर्तुगीज शब्द काढून टाकून स्वयंपाकघर चालवता येणार नाही, तसेच हे. परंतु कॉसमॉस मी उपटते. बाह्यवळण रस्त्याच्या कडेने तो आमच्या गल्लीत आला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या दाट सावलीत तेरड्याची रोपे पिवळी पडली. दिसायला तो देखणा आहे, शंकाच नाही. पण आमच्याच जिल्ह्यातले कास पठार, २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या सह्याद्रीच्या स्थळांपैकी एक, तिथल्या वाटांवरही हे नारिंगी फूल शिरू लागल्याची चिंता अभ्यासक व्यक्त करतात; आणि तिथे जे हरवेल ते कुठल्याही रोपवाटिकेत मिळणार नाही. पाहुणा आणि आक्रमक यांतला फरक त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही, तो शेजाऱ्याला जागा ठेवतो की नाही यावरून ठरतो. १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत ज्यांनी शेताच्या बांधावर उपटले आहे, हातांना खाज सोसली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तीन वर्षांपूर्वी मुलाने गाडी घेतली आणि अंगणात पेव्हर ब्लॉक घालण्याचा विषय निघाला. आमच्या गल्लीत मातीचे अंगण राहिलेले आमचे शेवटचे घर. चिखल होतो, विंचूकाटा निघतो, गाडीची चाके रुततात. मुलाची सगळी कारणे खरी होती. मी बोलत होते ती कारणे मात्र मलाच भाषणासारखी वाटत होती. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, दृष्टी जवळजवळ गेलेली. चार-साडेचारला गुलबक्षी उमलू लागते, थोड्या वेळाने वास सुटतो, आणि त्या वासावर त्या चहाची वेळ ओळखतात. त्यांनी एवढेच विचारले, “मग मी बसायचं कुठं?” याला उत्तर कोणाजवळच नव्हते. दोन दिवसांनी मुलाने स्वतःच खडूने रेघ मारली: गाडीपुरते ब्लॉक, आणि भिंतीकडची चार फूट पट्टी नळापर्यंत मातीची.

ब्लॉक घातल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात सांध्यांतल्या वाळूतून सदाफुली वर आली. गाडीच्या दोन चाकांच्या मधोमध तिची एक सरळ ओळ उभी आहे. मुलगा गाडी आत घेताना ती सांभाळतो, आपण तसे करतो हे त्याला मान्य नसले तरी. तेरडा पट्टीत मावला. गुलबक्षीचे मूळ कंदासारखे जाड असते, तिला खोली लागते. ती सांध्यांच्या वाटेला गेलीच नाही, नळाभोवती दाटली. यंदा तिथे पाच रंग मोजले, पांढरा सोडून. पांढरी गुलबक्षी आमच्याकडे कधी आलीच नाही.

माणमधल्या त्या बाईंनी गेल्या वर्षी माझ्याकडून बियांची पुडी नेली होती. त्यांच्या दारातल्या जुन्या झाडांत पांढरी आहे, असे परवा फोनवर म्हणाल्या. दिवाळीनंतरच्या सत्राला येताना त्या बी आणणार आहेत. सासूबाईंनी नळाच्या डाव्या अंगाची वीतभर जागा खुरपून ठेवायला सांगितली आहे.